१२१ पराभवांनंतरचा एप्रिल

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ४७ वर्षांचा आहे, शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. २००५ च्या जानेवारीत नोकरीसाठी इथे आलो तेव्हा शहरात ओळखीचं कुणी नव्हतं. ऑफिसातल्या लोकांनी बेसबॉल शिकवला आणि त्याच ऑक्टोबरात इथले व्हाइट सॉक्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं विजेतेपद, जिंकले. तेव्हापासून मी त्यांचा. गेली बारा-तेरा वर्षं वीस सामन्यांच्या पॅकेजची दोन तिकिटं घेतो. मुलगी चार वर्षांची असल्यापासून सोबत यायची. पण २०२३ मध्ये १०१ पराभव, २०२४ मध्ये १२१, २०२५ मध्ये १०२. आता मुलगी १३ वर्षांची आहे आणि मैत्रिणींसारखी शहरातल्या दुसऱ्या संघाची, कब्जची, टोपी घालते. ‘बाबा, ते हरणारच असतात, मग आपण का जातो?’ असं विचारते. बायको म्हणते, या पैशात भारताच्या फेरीचं एक तिकीट निघेल. मंडळाच्या कार्यक्रमात मित्र चेष्टा करतात. तरी मार्च आला की यंदा काहीतरी होईल असं वाटायला लागतं. मे उजाडेपर्यंत ते मोडतं आणि मग घरात माझी चिडचिड सुरू होते. पॅकेजच्या नूतनीकरणाची मुदत जवळ आली आहे. सोडून दिलं आणि पुढच्याच वर्षी जिंकले तर? की मी उगाच वाट बघत बसलोय?

---

नमस्कार,

तुमच्या पत्रात आकडे पुष्कळ आहेत. पराभवांचे, किमतींचे, गुणतक्त्यातल्या जागेचे. त्यातले थोडेच मी सारांशात ठेवले. एक ओळ मात्र आकड्यांपासून दूर होती, आणि ती मुद्दाम इथे देते: ‘ती लहान असताना चौथी इनिंग संपली की आम्ही दोघं एलोटे आणायला जायचो, आणि ती टाचा उंचावून काउंटरवर “एक्स्ट्रा लाइम” म्हणायची.’

ज्यांनी ते मैदान पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एलोटे म्हणजे मका. ३५व्या रस्त्यावरच्या त्या मैदानात तुमच्यासमोर कणीस उभं धरून सुरीनं दाणे उतरवतात, वर लोणी, मेयोनीज, चीज, तिखट आणि लिंबू. पदार्थ मेक्सिकोचा, पण पावसाळ्यात गाडीवर कणीस खाल्लेल्या माणसाला तो पहिल्या घासाला आपला वाटतो. त्याच्यासाठी रांग लागते. संघ हरत असला तरी लागते.

तुम्ही विचारलंय संघाबद्दल. मला पत्रात पैशांचा प्रश्न दिसतो, मुलीचा दिसतो, आणि मे महिन्यानंतर तुमच्या जेवणाच्या टेबलावर काय होतं तो दिसतो. हे सगळे एका तिकिटाच्या पॅकेजमध्ये बांधले गेलेत, म्हणून गाठ सुटत नाही. संघाचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा आहे. आधी तोच घेऊ.

२०२४ पाहिलेल्या माणसाला मी ‘धीर धरा’ म्हणणार नाही. पहिल्या २५ सामन्यांत ३ विजय. जुलै-ऑगस्टमध्ये ओळीनं २१ पराभव, त्यापाठोपाठ मॅनेजर गेला. शेवटी ४१ विजय, १२१ पराभव; १९०० नंतरच्या बेसबॉलमध्ये एका हंगामात इतके सामने कुणीच हरलेलं नाही. तुम्ही हे सोसलंत आणि तरी पुढच्या वर्षीची तिकिटं घेतलीत. याला मूर्खपणा म्हणायची माझी तयारी नाही.

पण आशेला काही आधार आहे का? आहे, आणि तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. २०२५ मध्ये संघ ४१ वरून ६० विजयांवर आला. पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या, शेन स्मिथला मिलवॉकीनं आपल्या मुख्य यादीत राखलं नव्हतं. डिसेंबरच्या निवडीत व्हाइट सॉक्सनी उचललं आणि पुढच्याच हंगामात निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात त्याची निवड झाली. कोल्सन माँटगोमेरी जुलैत मुख्य संघात आला आणि उरलेल्या हंगामात त्यानं २१ होमरन, म्हणजे चेंडू सीमेपार टोलवणारे फटके, मारले. गॅरेट क्रोशेला बॉस्टनला दिलं तेव्हा तुम्ही रागावला असाल, पण त्या बदल्यात आलेले काइल टील आणि चेस मायड्रॉथ २०२५ मध्येच मुख्य संघात खेळताना दिसले. २०२६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिली निवड यांच्याच वाट्याला आली. आणि टोकियोच्या मुनेताका मुराकामीशी करार झालाय. २०२२ मध्ये, वयाच्या बावीसाव्या वर्षी त्यानं जपानमध्ये ५६ होमरन मारले होते. तिथे जन्मलेल्या खेळाडूनं एका हंगामात इतके कधीच मारले नव्हते.

म्हणजे तुम्हाला मार्चमध्ये जे वाटतं ते हवेतलं नाही. चूक होते ती पुढे. हा सगळा आधार तुम्ही ‘यंदा प्लेऑफ’, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, या एका खुंटीला टांगता. १६२ सामन्यांच्या हंगामातले तीसेक सामने झाले की ती खुंटी उखडते, आणि तिच्यासोबत बाकीचं सगळं खाली येतं. स्मिथची पिचिंग तेव्हाही तितकीच चांगली असते. तुम्ही बघायचं थांबवलेलं असतं.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. २००३ साली मी मिशिगनमध्ये नवी होते आणि डेट्रॉइट टायगर्सचा तो हंगाम चालू होता. ४३ विजय, ११९ पराभव. शेजारी सत्तरीच्या एक बाई राहायच्या, नवरा मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त होऊन वारलेला. रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून रेडिओ लावायच्या. अर्नी हारवेल हा टायगर्सचा रेडिओवरचा आवाज आदल्याच वर्षी निवृत्त झाला होता, त्याची हळहळ त्यांना पराभवांपेक्षा जास्त होती. मांडीवर एक वही असायची, पेन्सिलीनं आखलेली. प्रत्येक बॅटरचा एक चौकोन. कोण कसा बाद झाला, कोण कुठल्या बेसपर्यंत पोचला, सगळं खुणांनी. शेवटचा माणूस बाद झाला की त्या रेडिओ बंद करायच्या. नंतरची चर्चा नाही, फोन करणाऱ्या श्रोत्यांचा संताप नाही. वही मिटून टोमॅटोंना पाणी.

२७ सप्टेंबरचा शनिवार मला आठवतो, कारण मी त्यांचं भांडं परत करायला गेले होते. मिनेसोटाविरुद्ध ०-८ नं मागे. १२० पराभवांचा जुना विक्रम एका पावलावर आलेला. मी म्हटलं, आता कशाला ऐकताय? त्यांनी हातानंच थांबायला सांगितलं, खुर्ची पुढे केली. टायगर्सनी तो सामना ९-८ नं जिंकला. शेवटची धाव निसटलेल्या पिचवर आली, कुणी मोठा फटका मारून नाही. बाई ओरडल्या नाहीत, उठल्या नाहीत. पेन्सिल जिभेला लावली, चौकोनात खूण केली आणि मग माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी विसरले नाही. दुसऱ्या दिवशीही टायगर्स जिंकले आणि हंगाम ११९ वर थांबला.

तीन वर्षांनी, २००६ च्या ऑक्टोबरात, हाच संघ वर्ल्ड सिरीजमध्ये होता. ज्या होमरननं ते तिथे पोचले तो मारला माग्लियो ओर्दोन्येझनं, तुमच्याच व्हाइट सॉक्सच्या जुन्या माणसानं. तेव्हा मी तिथून हलले होते. फोनवर बाईंनी सांगितलं, वही तीच आहे, पानं संपत आलीत.

डेट्रॉइटचं सांगितलं तर पिट्सबर्गचंही सांगायला हवं, नाहीतर मी तुम्हाला भुलवतेय असं होईल. १९९३ पासून २०१२ पर्यंत, ओळीनं वीस हंगाम, पायरेट्सचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते. तिथे जन्मलेली पोरं कॉलेज संपवून नोकरीला लागली तरी घरच्या संघाचा एक बरा हंगाम त्यांनी पाहिला नव्हता. तुमचा संघ डेट्रॉइटच्या वाटेनं जाईल की पिट्सबर्गच्या, हे मला सांगता येणार नाही, आणि ते कळल्याशिवाय निर्णय नाही असं ठरवलंत तर निर्णय कधीच होणार नाही.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते: ‘सोडून दिलं आणि पुढच्याच वर्षी जिंकले तर?’ मला वाटतं, सगळी घालमेल इथून निघते. तुमच्या मनात एक खातं उघडलेलं आहे. हरलेला प्रत्येक सामना त्यात जमा. जितकं सोसलं तितका पुढच्या विजयावर हक्क जास्त, आणि मध्येच उठलो तर जमा केलेलं सगळं बुडालं. असंच वाटतं ना?

मग २००५ आठवा. २३ ऑक्टोबर, दुसरा सामना, थंडी आणि पाऊस. सातव्या इनिंगमध्ये पॉल कोनर्कोचा ग्रँड स्लॅम, म्हणजे एका फटक्यात चार धावा देणारा होमरन, नवव्यात ह्यूस्टननं बरोबरी साधली आणि मग स्कॉट पॉडसेडनिक आला. नियमित हंगामात त्या माणसाच्या नावावर एकही होमरन नव्हता. त्यानं मारला आणि सामना संपला. तुम्ही लिहिलंय, एका सहकाऱ्याच्या घरी तळघरात तुम्ही तो पाहिलात, कुणाच्या तरी सोफ्याच्या हातावर बसून, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तुम्हाला मिठी मारली. त्या वेळी तुम्ही दहा महिन्यांचे शिकागोकर होतात. १९१७ नंतर ८८ वर्षं या शहराच्या दक्षिण भागातली माणसं त्या आठवड्याची वाट बघत होती. त्यांचे आजोबा वाट बघत गेले होते. त्या गृहस्थांनी मिठी मारण्याआधी विचारलं का, बाबा रे, तू किती हरलेले सामने पाहिलेस? तुमच्याकडे तेव्हा कुठलं पॅकेज होतं?

तुमच्या आयुष्यातला बेसबॉलचा सर्वांत मोठा आनंद तुम्हाला काही न सोसता मिळाला. आणि तो तितकाच खरा होता, म्हणून तर वीस वर्षं पुरला. ते खातं मुळात नव्हतंच. व्हाइट सॉक्स २०२९ मध्ये जिंकले तर तुम्ही नाचाल, मधली तीन वर्षं पॅकेज घेतलेलं असो वा नसो. त्या रात्री तुमच्या शेजारी कुणी नवखा मुलगा असेल, आदल्याच वर्षी आलेला, आणि मिठी मारायची पाळी तुमची असेल.

म्हणून पॅकेजबद्दल मी स्पष्टच बोलते: यंदा नूतनीकरण करू नका. संघ सोडा असं मी म्हणत नाही. पॅकेजचा व्यवहारातला फायदा म्हणजे जागा हमखास मिळते आणि पुढे प्लेऑफच्या तिकिटांत प्राधान्य मिळतं. गेल्या तीन वर्षांत मंगळवारच्या रात्री तिथे जागेची चणचण नव्हती, हे रिकाम्या खुर्च्यांमधून चालत जाताना तुम्ही पाहिलेलंच आहे. हवी तेव्हा, हवी तितकीच तिकिटं घ्या. वर्षाला सहा किंवा आठ सामने ठरवा. वीस सामन्यांतले किती तुम्ही कर्तव्य म्हणून पाहिले, पैसे भरलेत म्हणून एप्रिलच्या बोचऱ्या वाऱ्यात जाऊन बसलात, ते एकदा आठवून बघा. वाचलेल्या पैशांचं काय करायचं ते बायकोसोबत बसून ठरवा. भारताच्या तिकिटाची गोष्ट तिनं रागानं काढली असेल असं मला वाटत नाही. तुमच्या पत्रात ती फक्त पैशांच्या वाक्यात येते. ती मैदानावर शेवटची कधी आली होती? सामने पूर्वीसारखे लांबत नाहीत. २०२३ मध्ये पिचरला चेंडू टाकायला घड्याळ लावल्यापासून साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटपतात. एखाद्या शनिवारी दुपारी तिला विचारा, आणि ती नाही म्हणाली तर तो विषय तिथेच सोडा.

मालकावरच्या रागाबद्दल तुम्ही पानभर लिहिलंय. जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून मालक आहेत. २००५ त्यांच्याच काळातलं आणि २०२४ ही. २०२५ मध्ये जस्टिन इश्बिया यांच्यासोबत करार झाला आहे, त्यानुसार पुढे कधीतरी सूत्रं तिकडे जाऊ शकतात, पण २०२९ च्या आधी नाही. त्याच्यावर तुमचा काही ताबा नाही. पॅकेज न घेणं हे गिऱ्हाईकाचं साधं उत्तर आहे, ते द्या आणि तो राग खाली ठेवा. मंडळातल्या मित्रांच्या चेष्टेला तर मी उत्तरही सुचवणार नाही. संक्रांतीला तिळगूळ देताना सांगा, यंदा बेसबॉलवर गोड बोला म्हणून.

मुलीचं मात्र सावकाश बोलायला हवं.

कब्जची टोपी तुम्हाला लागली, ते मला समजतं. शिकागोत उत्तरेचा संघ आणि दक्षिणेचा संघ यांतली रेघ घरातून जाते तेव्हा दुखतं. पण ती तेरा वर्षांची आहे. तिला मैत्रिणींच्या घोळक्यात उभं राहायचंय. २००५ मध्ये तुम्हाला काय हवं होतं? ऑफिसातल्या लोकांच्या घोळक्यात उभं राहायला मिळालं म्हणून तुम्ही व्हाइट सॉक्सचे झालात. ते दुसऱ्या बाजूचे असते तर तुम्हीही आज कब्जच्या रिग्ली फील्डवर असता. तिनं तुमचाच रस्ता धरलाय, फक्त उलट दिशेच्या गाडीनं. आणि गाडी तरी उलट कुठे? रेड लाइन दोन्हीकडे जाते. अ‍ॅडिसनला उतरलं की तिचं मैदान, सॉक्स-३५व्या रस्त्याला उतरलं की तुमचं.

या उन्हाळ्यात एकदा तिच्या मैदानावर जा. तिच्यासोबत, तिची मैत्रीण आली तर तिच्यासोबतही. तिथे व्हाइट सॉक्सची टोपी घालू नका आणि त्यांच्या पिचरवर टीका करू नका. तिला विचारा, तुला कोण आवडतं, का आवडतं? कब्जवाल्यांनीही १९०८ पासून २०१६ पर्यंत, १०८ वर्षं, वाट पाहिली होती. २०१६ मध्ये ती तीन-चार वर्षांची होती, तिला ते वाट बघणं ठाऊक नाही. त्या मैदानावरची म्हातारी माणसं तिला कधीतरी सांगतील. तुमच्याकडून ते उपदेशासारखं वाटेल.

तिच्या प्रश्नाला मात्र तुम्ही उत्तर दिलेलं नाहीत. ‘मग आपण का जातो?’ यावर तुम्ही म्हणालात, ‘निष्ठा नावाची गोष्ट असते.’ तेरा वर्षांच्या मुलीला हे उत्तर बंद दारासारखं आहे. खरं उत्तर तुम्ही मला लिहिलंत, तिला नाही: लिंबू, टाचा उंचावणं, होमरननंतर फलकावरून उडणारे फटाके बघून तिचं कानांवर हात ठेवणं. तिला ते सांगा. ‘तू सोबत असायचीस म्हणून मी जायचो, आणि संघही मला आवडतो.’ इतकं साधं. त्यानंतर ती आली पाहिजे अशी अट नको.

आणि ‘हरणारच असतात’ हे खरंही नाही. त्या भयंकर वर्षीही ४१ रात्री ते जिंकले. २०२४ च्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात १२० पराभव झालेले होते. लोक १२१ वा बघायला मैदानावर आले होते, ‘संघ विका’ अशा घोषणा देत होते. एंजल्सविरुद्ध तीन सामने होते. व्हाइट सॉक्स तिन्ही जिंकले. १२१ वा पराभव मग डेट्रॉइटमध्ये झाला, आणि त्याच विजयानं डेट्रॉइटचं, त्या ११९ पराभववाल्या डेट्रॉइटचं, प्लेऑफमधलं स्थान पक्कं झालं. त्या तीन रात्रींपैकी एकीला तुम्ही होतात का, ते पत्रात नाही. असाल तर ती गोष्ट मुलीला जेवताना सांगण्यासारखी आहे. वाद जिंकायला वापरू नका, ती लगेच ओळखेल.

जेवणावरून आठवलं. मे महिन्यानंतरच्या चिडचिडीवर मला सर्वांत कळकळीनं बोलायचंय, कारण त्याची झळ इतरांना बसते. तुम्ही लिहिलंय, हरल्यावर तासभर फोनवर इतर चाहत्यांचा संताप वाचत बसता, मग उशिरा जेवता, मग बोलत नाही. मुलीनं संघ सोडला की ही जेवणं सोडली, याचा विचार करा. तिला कदाचित कब्जपेक्षा शांत बाबा हवे असतील.

शेजारच्या बाईंची पद्धत उचला. शेवटचा माणूस बाद झाला की बंद. त्यानंतरचं काहीही वाचायचं नाही, ऐकायचं नाही, जिंकले तरी. पंधरा दिवस जड जाईल. आणि स्कोअर लिहायला शिका, कागदावर, पेन्सिलीनं. हात कामात असला की नजर फलकावरून खेळाडूवर येते. ६-४-३ (शॉर्टस्टॉपकडून सेकंड बेसमनकडे, तिथून फर्स्ट बेसमनकडे) लिहिताना शॉर्टस्टॉपनं चेंडू कसा उचलला ते दिसलेलं असतं. ८-१ नं मागे असतानाही तो डबल प्ले, एका चेंडूत दोघं बाद, सुंदरच असतो. लायम हेंड्रिक्स २०२३ च्या मे महिन्यात कर्करोगाच्या उपचारांनंतर त्याच मैदानावर पिचिंगला परत आला, तेव्हा लोक उभे राहिले होते. तो हंगामही १०१ पराभवांचाच होता. गुणतक्त्यात ती रात्र कुठेच दिसत नाही.

यंदा सबंध संघावर आशा लावू नका, एका माणसावर लावा. मी असते तर मुराकामी निवडला असता. तो चेंडू चुकवतोही खूप, आणि इथले पिचर जपानपेक्षा वेगवान. एप्रिलमध्ये तो गारठलेल्या हातांनी, नव्या भाषेत, दुभाष्याला सोबत घेऊन उभा राहील आणि स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, होऊन परत येईल. लोक म्हणतील, पैसे वाया गेले. २००५ च्या जानेवारीत शिकागोच्या बर्फात कुठला कोट घालायचा हेही ठाऊक नसलेला माणूस त्याच्याकडे इतरांपेक्षा वेगळ्या नजरेनं बघू शकतो. दर आठवड्याला त्याचे चार-पाच डाव लिहा. जूनमध्ये तो कुठल्या चेंडूला हात घालत नाही, जो एप्रिलमध्ये घालत होता, ते बघा. संघ कुठल्याही जागेवर असला तरी हे बघता येतं.

दुसऱ्या संघांचे, दुसऱ्या खेळांचे चाहतेही मला अशी पत्रं पाठवतात, विशेषतः ज्यांनी मुलांना हाताशी धरून चाहते बनवलं आणि आता मुलं हात सोडवून घेताहेत. त्यांना एक सुचवते: महागड्या मैदानाऐवजी जवळचं छोटं मैदान शोधा. तुमच्या भागात जिनीव्हाला केन काउंटी कूगर्स आहेत, शॉमबर्गला बूमर्स आहेत. तिथे कब्ज नाहीत, सॉक्स नाहीत, कुणाची बाजू घ्यायची नाही. गवतावर चादर टाकून बसता येईल अशा संध्याकाळी मुलं आपोआप बोलायला लागतात. घरचे थालीपीठ गाडीत खाऊन घ्या, आत बहुतेक नेऊ देणार नाहीत.

मुदत संपायच्या आत पॅकेजच्या फोनला ‘यंदा नाही’ म्हणा, आणि ते बायकोला मुलीसमोर सांगा. मग मे किंवा जूनमधला एखादा शुक्रवार निवडा, त्या रात्री सामन्यानंतर मैदानावर फटाके असतात. तिकिटं तीन काढा. कब्जची टोपी घालून आली तरी चालेल म्हणून सांगा. चौथी इनिंग संपली की रांगेत उभे राहा. ती आलीच नसेल, तर लिंबू तुम्ही जास्त मागा.